एकाच नावाचे दोघं

गावाला, गल्लीला, काल बुडालेल्या बोटीला आणि तिच्यावरच्या सगळ्या खलाशांना एकच पोर्तुगीज आडनाव होतं. दोघी जावांनी मुलांना आजोबांचंच नाव ठेवलं होतं. म्हणून घरात थोरलीचा लंब्या झाला, धाकटीचा भोपळ्या. बंदरावरच्या कचेरीतला कारकून यादीवरून नजर न उचलता म्हणाला, “या नावाचे दोघं होते. एकच वाचलाय.” “लंब्या की भोपळ्या?” थोरलीने विचारलं. “बाई, टोपणनावं आम्ही लिहीत नाही. दवाखान्यातून तोच बोलतोय, विचारा.” त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला. धाकटीने हात मागे घेतले. “जाऊबाई, तुम्ही उचला. माझ्याने नाही होणार.” थोरलीलाही तो उचलायचा नव्हता, टेबलावर होता तोवर दोन्ही पोरं जिवंत होती. शेवटी तिने तो कानाला लावला. “हॅलो?” पलीकडून हुंदका आला. “काकू, आईला दे ना.” थोरलीने रिसीव्हर पुढे केला. “घे, तुझा आहे.”