वरचा बोल्ट

जावयाने आधी वरच्या बोल्टला पाना लावला आणि सासरेबुवांच्या मनात पाल चुकचुकली. तेल बदलायचं तर आधी खालचा बोल्ट काढतात. घाण तेल बाहेर, मग नवं आत. जन्मभर ट्रक हाकलेल्या माणसाला हे कोण शिकवणार? वरून पळीभर ताजं ओतायचं आणि सगळं बदललं म्हणून ठोकून द्यायचं, हा डाव त्यांनी गॅरेजागॅरेजात पाहिला होता.

पिकअप लेकीची होती. लेक नर्स. दुपारी लशींच्या पेट्या घेऊन तिला डोंगरावरच्या वस्त्यांवर जायचं होतं. गाडी नवऱ्याच्याच गॅरेजात तयार होत होती आणि सासरेबुवा सकाळपासून तिथे स्टूल टाकून बसले होते. म्हणे, सहज आलो.

सहज कसले! लग्नाला दोन वर्षं झाली, तरी हा जावई त्यांच्या गळी उतरला नव्हता. गोड बोलतो, कधी उलट उत्तर देत नाही, म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय. एकदा, फक्त एकदा खोटं बोलताना सापडू दे. लेकीसमोर उभा करतो की नाही बघा.

बाकावर तेलाचे दोन डबे होते. एकात जाड, नाकाला झोंबणारं. दुसऱ्यात पातळ आणि लालभडक.

"हे सरबत कुणासाठी?" सासरेबुवांनी विचारलं.

"मधल्या पेटीसाठी, बाबा. ट्रान्सफर केस. तीच पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देते. हिच्यात साखळी फिरते, तिला पातळच लागतं. जाड तेल मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलला. ते सकाळी तुम्ही यायच्या आधीच भरलं."

"आमच्या वेळी एकच तेल सगळीकडे चालायचं."

"तुमच्या ट्रकला चालत असेल, बाबा. हिला नाही चालत."

भरलं म्हणे! सासरेबुवांनी गुपचूप डिफरन्शियलपाशी जाऊन वास घेतला होता. वास नव्या तेलाचाच होता. पण वासाचं काय, दोन थेंब बाहेरून पुसले तरी येतो.

मधल्या पेटीचा वरचा बोल्ट काही हलेना. जावई बराच वेळ झटला, मग कपाळ पुसत गाडीखालून बाहेर आला. "वेल्डरकडून गॅसची बत्ती आणतो. जरा गरम केला की सुटेल. आणि नाहीच सुटला, तर आहे ते तेल आजची फेरी सहज काढेल. पण वरचा सुटल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही."

तो गेला आणि सासरेबुवा ताडकन उठले. हे बघा, बदलायचंच नव्हतं तर! आतलं तेल काळंकुट्ट झालं असणार. ते कुणाला दिसू नये म्हणून वरचा बोल्ट, बत्ती, वेल्डर, केवढं हे नाटक! शेंडी लावायला निघालाय पोरगा, पण गाठ माझ्याशी आहे. चार थेंब काढायचे आणि लेकीच्या हातावर ठेवायचे.

त्यांनी ट्रे सरकवला, पाना घेतला आणि या वयात गाडीखाली शिरले. खालचा बोल्ट चटकन सैल झाला. नुसता सैल नाही, निसटून ट्रेमध्येच पडला. मागोमाग तेलाची धार बाहीवर आली. लाल, स्वच्छ, आरपार दिसणारी धार.

सासरेबुवा चपापले. बोल्ट चाचपून हाती लागेपर्यंत पेटी रिकामी झाली होती. त्यांनी तो घट्ट बसवला. हरकत नाही, नवं तेल आहेच की. वरच्या बोल्टला पाना लावून त्यांनी होता नव्हता तेवढा जोर केला. पाना सटकला आणि बोल्टचे कोपरेच गोल झाले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती पाना राहिला.

आता भरायचं कुठून?

"झालं का रे?" बाहेरून लेकीचा आवाज आला. सासरेबुवा धडपडत बाहेर निघाले, ट्रे बाकाखाली ढकलला. ती पेट्या मागे चढवून मोकळीही झाली होती. "बाबा, तुम्ही अजून इथेच? हा कुठेय? जाऊ दे, मी निघते. बर्फ वितळायला नको."

ती गाडीत बसली. कोरडी पेटी पहिल्या मोठ्या चढाला तापून जखडली असती. वर चढ, बाजूला दरी. पण खालचा बोल्ट जागेवर होता, ट्रे दिसत नव्हता. काही झालंच, तर बोल जावयालाच लागणार होता. हे मनात आलं आणि सासरेबुवांना स्वतःचीच भीती वाटली.

इंजिन सुरू झालं. ते धावत पुढे गेले, डाव्या हाताने बॉनेटवर थापा मारू लागले. "उतर! उतर खाली! मधली पेटी कोरडी आहे!"

"कोरडी?" लेक उतरली. "कुणी केली?"

तेवढ्यात जावई दारात आला. हातात बत्ती होती. त्याने वाकून गाडीखाली पाहिलं. गोल झालेला बोल्ट पाहिला. बाकाखालचा ट्रे पाहिला. मग सासरेबुवांचा पाठीमागे लपवलेला उजवा हात पाहिला.

"मीच," तो म्हणाला. "घाईत खालचा आधी काढला. थोडा वेळ दे, आत्ता भरतो."

"तू?" लेक कडाडली. "आधी वरचा, मग खालचा, हे जगाला शिकवणारा तू? बाबा इथे नसते तर मी दरीत गेले असते! तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते मी!"

जावयाने मान खाली घातली आणि बत्ती पेटवायला घेतली.

सासरेबुवांनी पाठीमागचा हात पुढे आणला. पांढरी बाही कोपरापर्यंत लाल झाली होती.

"पोरी," ते म्हणाले, "तुझा नवरा खोटं बोलतोय."