दहा ते चार

रेल्वे फाटकातच वीस मिनिटं गेली. नलिनी गावितनं टेम्पो दामटला, पण दवाखाना अर्ध्या किलोमीटरवर असताना दहा वाजले आणि शहरातलं प्रत्येक इंजिन आपोआप बंद पडलं. धुरावर ऊन तापलं की हवेत विषारी ओझोन तयार होतो, म्हणून चारपर्यंत एकही इंजिन सुरू होणार नव्हतं. आताच डोळे चुरचुरत होते.

मागे रुखसाना बाळंतपणाच्या कळांनी विव्हळत होती.

“नलूताई, इंजिन बंद करणाऱ्या कुलपाची वायर तोडा,” रुखसानाची सासू मुमताजबी म्हणाली. “एका गाडीनं काय होतंय?”

नलिनीनं पक्कड उचलली, पण हात पुढे जाईना. “तीन वर्षांपूर्वी सगळे हेच म्हणाले होते, चाची.” तेव्हा एका दुपारी त्या सगळ्यांच्या गाड्यांनी विषारी झालेल्या हवेत तिचा नवरा गुदमरून गेला होता.

ती खाली उतरली आणि टेम्पो ढकलू लागली. बंद पडलेल्या रिक्षांतून दोघे उतरले, मग आणखी काही जण. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळे खोकत होते.

नलिनी पायरीवर धापा टाकत बसली. अर्ध्या तासानं मुमताजबी बाहेर आली.

“मुलगी झाली,” ती म्हणाली. “श्वास नीट घेतेय.”

नलिनीला पुन्हा खोकल्याची उबळ आली. तिनं चाचीचा हात घट्ट धरला.