लंगडी साथ

साहेबाचा दौरा आला का चपराशी उकंडराव जानेफळात दारोदार फिरे, अन् साहेबाच्या जेवणासाठी फुकटात कोंबड्या उचलून नेई. खुर्शीदाबीचं मीठ-मिरची अंड्यांवरच चाले. बारातल्या सहाच कोंबड्या उरल्या होत्या, त्यातल्या एकीचा पाय छकड्याच्या चाकाखाली मोडला. खुर्शीदानं थकल्या जिवानं हळद-तेल लावलं, तुराटीच्या काड्या बांधून पाय सरळ केला, अन् बाकीच्या टोचतील म्हणून तिले डालग्याखाली येगळं झाकलं.

उकंडरावनं डालगं उचलून पाह्यलं अन् परत ठेवलं. “ही राहू दे व माय, साहेबाले रोगट चालत नाही.” दुसरी धडधाकट बगलेत मारून गेला.

पुढच्या दौऱ्याले खुर्शीदानं पाचही कोंबड्याइच्या पायाले काड्या बांधल्या. शेजारच्या रुखमाबाईनं पाह्यलं, तिनं भावजयीले सांगतलं, अन् दुपारपर्यंत साऱ्या गावात बिनपट्टीची कोंबडी औषधाले सापडेना. म्हणतात, कोंबडे बी लंगडत लंगडत आरवू लागले.

“काऊन व माय, साऱ्याच?” उकंडरावनं डोकं खाजवलं.

“काय सांगू भाऊ, साथच आली,” खुर्शीदा खाली बसली. “पट्ट्या बांधू बांधू माहे हात गेले.”

तो रिकाम्या हातानं गेला.


तिसऱ्या रोजी उकंडराव परत दारात उभा: “जनावराइचे डाक्टरसाहेब आले, माय. साथ हटेपर्यंत गावातच तंबू ठोकून राहणार, रोज चार कोंबड्या कापून पाहणार, अन् तुमच्याच घरून मसाला मागतला हाय.”