खांद्याची गादी

"गळ्याखालचं आडवं हाड खांद्याला जिथं भिडतं, तो सांधा तुमचा जन्मतःच तिरपा आहे," डॉक्टर एक्स-रे खिडकीसमोर धरून मला म्हणाल्या. "भार एकाच कडेवर येतो, म्हणून झिजलाय. पालखी घ्या, पण दांड्याखाली मऊ काहीतरी ठेवा."

"मऊ?" बाबा उसळले. आमच्या गावच्या शिमग्यात पालखीचा पुढचा दांडा आमच्या घराचा मान. बाबांनी तो चाळीस वर्षं खांद्याला साधा टॉवेलही न लावता नाचवला होता, आणि मी तिसऱ्याच वर्षी कण्हत होतो. "आमच्या घराण्यात असले लाड कुणी केले नाहीत!" असं ठणकावून सांगायला त्यांनी उजवा हात उगारला आणि तो तसाच धरून कळवळले.

डॉक्टरांनी लगेच त्यांचाही एक्स-रे काढायला लावला. सांधा हुबेहूब माझ्यासारखाच तिरपा निघाला. झीज मात्र माझ्या दुप्पट.

"बाबा, इतकी वर्षं कसं सहन केलंत?"

बाबांनी आधी दाराबाहेर कुणी गाववाला नाही ना, ते पाहिलं. मग पिशवीतून हाताएवढी चपटी गादी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मला द्यायलाच आणली होती, हे उघड होतं.

"सदऱ्याच्या आत बांधायची. बाहेरून कळत नाही."

मला हसू आवरेना. "आईने शिवली ना?"

"तिने नुसती खोळ बदलली," बाबा पुटपुटले. "आतला कापूस तुझ्या आजोबांचा आहे."