बिघडल्यावरची पानं

“हे सगळं नीट चाललं तर काय करायचं, त्याचं आहे,” म्हणत बेनेडिक्टने पहिली नऊ पानं न वाचताच सतरंजीवर पालथी ठेवली. “तेवढं कोणीही लिहितो. बिघडल्यावरची पानं दे.”

मृणालिनीने उरलेली पाच पानं पुढे केली. खारी गावातल्या देवळापुढच्या मंडपात चार वाजून गेले होते. साडेपाचला गुणवंतबुवा कीर्तनाला उभे राहणार होते. त्यांचा आवाज माइकमधून तिने बनवलेल्या साबणाच्या वडीएवढ्या डबीत जायचा, आणि डबीतून यूएसबीच्या वायरीने कॉम्प्युटरमध्ये. डबी आणि कॉम्प्युटर यांच्यामधला निरोप्या म्हणजे ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम. तो तिने लिहिलेला. त्याचीच ही छापलेली चौदा पानं.

दुपारी माइक लावून बघताना कोणाचा तरी पाय वायरीत अडकला. वायर क्षणभरच निघाली, पण कॉम्प्युटर गोठला आणि स्पीकरमधून अशी किंकाळी निघाली की तबलजीच्या हातून हातोडी सुटली. बुवा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “पोरी, पुन्हा असं झालं तर हे यंत्र मंडपाबाहेर. उभं राहिलेलं कीर्तन मध्ये थांबत नसतं.”

म्हणून तिने ऑफिसातल्या बेनेडिक्टला बोलावलं. रविवारचं जेवण अर्धं टाकून उत्तनहून बाइकवर आला होता.

“आणि आज जमलंच न्हाय तर?” लाल पेनाचं टोपण काढत त्याने विचारलं.

“तर आईच्या कपाटात सातवी कॅसेट.”

आई घरी, इंद्रलोक वसाहतीत चौथ्या मजल्यावर. खुब्याचं हाड मोडल्यापासून जिना उतरली नव्हती. तिच्याकडे बुवांच्या द्रौपदीवस्त्रहरणाच्या सहा कॅसेटी होत्या. सहाही कॅसेटींत द्रौपदीची हाक होती. कृष्णाचं धावत येणं एकीतही नव्हतं. पाऊण तासाने कॅसेट उलटावी लागायची, आणि उलटणारा नेमका तेव्हाच डोळे पुसत असायचा. आज पुन्हा तेच आख्यान होतं.

बेनेडिक्टचं पेन बाराव्या पानावर थांबलं.

“वायर निघाली. तू पहिलं काय करतेस?”

“आवाज साठवायला कॉम्प्युटरकडून जागा घेतलेली असते ना, ती परत करते.”

“बरं. आणि चाललेलं काम थांबव म्हणून कधी सांगतेस?”

“खाली बघ की, लगेच पुढच्या ओळी…” तिचं बोट ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

समोर देवळातले दशरथकाका बुवांना उभं राहायला गादी अंथरत होते. आधी सतरंजी, तिच्यावर गादी, गादीवर पांढरी चादर. कीर्तन संपून बुवा खाली उतरल्याशिवाय त्या चादरीच्या कोपऱ्याला कोणी बोटसुद्धा लावत नसे.

“अरे देवा!” मृणालिनीने कपाळावर हात मारला. “बुवा अजून गातायत, आणि मी त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढतेय!”

“तुमच्याकडे चालतं असं?”

“करून बघ. काका चिपळ्यांनी झोडतील.”

“मग दुपारी कॉम्प्युटरनेही तुला तसंच झोडलं.” बेनेडिक्टने दोन ओळींभोवती लाल बाण काढला. “आधी थांबव. थांबलं याची खात्री कर. मग जागा सोड.”

दोन ओळींची जागा बदलली. तिची बोटं कीबोर्डवर इतकी घाईत पडत होती की तीनदा चुकली. नवा ड्रायव्हर चढला. बेनेडिक्टने वायर धरली.

“ओढू?”

“ओढ!”

त्याने ओढली. किंकाळी नाही. ‘वायर निघाली आहे’ एवढी एक शांत ओळ उमटली. त्याने वायर परत लावली, आणि कॉम्प्युटर आपला आपण पुढे ऐकू लागला.

“पुन्हा ओढ!”

पुन्हा ओढली. पुन्हा लावली. सातव्या वेळी मृणालिनी टाळ्या पिटत सतरंजीवर उड्या मारत होती.

“मघाशी वायर निघाली तर रडकुंडीला आली होतीस,” मागून आवाज आला. खांद्यावर उपरणं टाकून बुवा उभे होते. “आता नाचतेस?”

“बुवा, तुम्ही गा! द्रौपदीची हाक, तिथून पुढे. मधेच हा वायर ओढणार आहे.”

“माझं गाणं चालू असताना?”

“चालू असतानाच!”

बुवांनी एकदा तिच्याकडे, एकदा बेनेडिक्टकडे पाहिलं. मग गादीला नमस्कार केला, वर चढले, डोळे मिटले. हाक उठली. मंडपाचे पडदे बांधणारी माणसं दोऱ्या हातात धरून राहिली. बेनेडिक्टने वायर ओढली, स्वतःशी एक आकडा मोजला, परत लावली. बुवांना पत्ताच नव्हता. ते द्वारकेत पोचले होते.

गाणं थांबल्यावर मृणालिनीने ते स्पीकरवर लावलं. हाक आली, लांबत गेली. मध्ये श्वास घ्यावा एवढं रिकामं गेलं, आणि आवाज पुन्हा सुरू झाला. बुवा मान कलती करून ऐकत राहिले. शेवटी कमरेच्या डबीतून चिमूटभर बुक्का काढून त्यांनी तिच्या डबीला लावला.

“वायरीच्या तोंडात नको, बुवा,” बेनेडिक्ट पुटपुटला.

“एवढं कळतं रे मला.”

मृणालिनीने मोबाइलवरून घरचा नंबर लावला. “आई, काही बोलू नकोस. नुसती ऐक.” आणि तिने तेच पुन्हा लावून मोबाइल स्पीकरपाशी धरला.

हाक संपली. तेवढंच रिकामं गेलं. मग घोडे उधळले, कृष्णाचा रथ निघाला, बुवांचा आवाज धावू लागला.

मृणालिनीने मोबाइल कानाला लावला आणि लगेच लांब धरला. आईचं ओरडणं दशरथकाकांपर्यंत पोचलं.

“मृणू, आला गं! या खेपेला आला!”