धाकटीची भूल

पडद्यावरची हिरवी रेघ अडखळली. टेबलावरच्या सात महिन्यांच्या पोरीच्या हृदयाचा ठेका चुकत होता.

"डॉक्टर, श्वासाच्या मशीनचा वेग वाढवू?" नर्सने विचारलं.

"खबरदार! कमी करा," भूलतज्ज्ञ ओरडले.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी तो वाढवला होता. तेव्हा या टेबलावर हिचा थोरला भाऊ होता. असंच हर्नियाचं किरकोळ ऑपरेशन. पण त्याची मूत्रपिंडं जन्मापासून रक्तातले क्षार बाहेर फेकत होती. लाखात एखाद्याला होणारा, आईबापांच्या रक्तातून आलेला आजार. पोटॅशियम आधीच तळाला गेलेलं. भराभर दिलेल्या श्वासाने ते आणखी घसरलं आणि बघता बघता हृदय थांबलं. आपलं कुठे चुकलं, हे भूलतज्ज्ञांना त्याच संध्याकाळी उमगलं होतं. त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

धाकटीलाही तोच आजार. आज तयारी चोख होती. सलाइनमधून पोटॅशियम थेंबाथेंबाने जात होतं. त्यांनी ते किंचित वाढवलं आणि पडद्याकडे डोळे लावले. सर्जन हात आवरून उभे राहिले. चार मिनिटांनी रेघ चालीला लागली.

तासाभराने पोर खणखणीत रडली.

बाहेर तिची आई भिंतीला टेकून उभी होती. थोरल्याच्या वेळी भूलतज्ज्ञ तिच्यासमोर गेलेच नव्हते. बापाला दोन वाक्यांत उरकून मागच्या दाराने निघून गेले होते.

"लेक सुखरूप आहे तुमची," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना छाती मोकळी वाटली.

तिने हात जोडले नाहीत.

"मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणून घरचे सगळे मागे लागले होते. मीच हटून बसले. भूल तुम्हीच द्यायची म्हणून."

"एवढा विश्वास?" भूलतज्ज्ञांनी विचारलं.

"विश्वास कसला, डॉक्टर! थोरल्याचा रक्ताचा रिपोर्ट फाईलमध्ये होता आणि तुम्ही तो उघडलासुद्धा नाही, हे तुमच्याच नर्सने मला तेव्हा सांगितलं. म्हटलं, हिचा कागद न् कागद वाचेल असा डॉक्टर आता एकच."