उपासाची तारीख
कैद्यांच्या छावणीत कॅलेंडर नव्हतं, म्हणून चंद्राच्या कलांवरून तारीख काढायचं काम माझ्याकडे होतं. म्हातारा गवंडी सकाळी हातातला पावाचा तुकडा न खाता माझ्यापाशी आला. “मास्तर, यंदा आमचा मोठा उपास कधी?” उपास आजच होता. पण त्याचे पाय सुजले होते आणि उपाशीपोटी तो विटांच्या कामावर टिकला नसता. “काल झाला, काका,” मी ठोकून दिलं. तो क्षणभर विचारात पडला, मग बोळकं पसरून हसला. “काल तर पाव आलाच नव्हता! म्हणजे देवानंच माझ्याकडून करवून घेतला की! तुमच्या चंद्रापेक्षा त्याचं गणित पक्कं.” त्याने तुकडा कणाकणाने संपवला. माझा देवावर विश्वास नव्हता. तरी माझा पाव मी संध्याकाळपर्यंत खिशातच ठेवला. इतक्या भुकेत माणूस आपणहून न खाता कसा राहतो, ते मला बघायचं होतं.